नोव्होसेलचं घर

बाबांचे लेख छापून येईपर्यंत आमच्या घरात कोणी वाचत नाही. यंदा मात्र एका दिवाळी अंकासाठी त्यांनी मायकेल नोव्होसेल या अमेरिकी हेलिकॉप्टर वैमानिकावर स्मरणलेख लिहिला आणि तो पाठवण्याआधी वहिनीने मागून घेतला. बाबा आर्मी एव्हिएशनमधून कर्नल म्हणून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं चीता हेलिकॉप्टरवर गेली, त्यातली काही सियाचेनवर. माझा भाऊ आज तेच हेलिकॉप्टर उडवतो. वहिनी नाशिकच्या एका रुग्णालयात अपघात विभागात डॉक्टर आहे. जखमी माणूस उचलून आणणारे दोघं आणि तो ताब्यात घेणारी एक, असं हे घर. त्यामुळे दोघांचा जो वाद झाला तो वरवरचा नव्हता. मी ऐकत होते आणि टिपून घेत होते. जिथे मला राहवलं नाही तिथे माझंही मत येईल.

वहिनी : बाबा, लेख नेमका आहे. पण वाचून संपल्यावर माझ्या हाती आकडेच उरले. 2,543 फेऱ्या, 5,589 जखमी, 12,400 तास उड्डाण, त्यातले 2,038 तास लढाईत. यात माणूस कुठे आहे?

बाबा : त्या आकड्यांतच आहे. भागाकार करून बघ. व्हिएतनाममध्ये त्याच्या दोन खेपा झाल्या, एकेका वर्षाच्या. वादळ, बिघाड, आजारपण, रजा, काहीही वजा केलं नाही तरी रोजच्या साडेतीन फेऱ्या पडतात आणि रोजचे सात-आठ जखमी. हे सगळं डस्टऑफमध्ये, म्हणजे जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टर पथकात. ह्यूई हेलिकॉप्टर, अंगावर लाल क्रॉस, मशीनगन बसवलेली नाही. आत चौघं : दोन वैमानिक, एक मेडिक, एक क्रू चीफ. जिथे गोळीबार चालू आहे तिथेच उतरायचं, कारण जखमी तिथेच पडलेले असतात. ही रीत मेजर चार्ल्स केलीने घालून दिली. 1 जुलै 1964 ला खालून त्याला रेडिओवर सांगत होते की मारा फार आहे, निघून जा. जखमी आत आले की निघतो, असं त्याने कळवलं आणि पाठोपाठ गोळी लागून तो गेला. पुढच्या डस्टऑफवाल्यांनी त्याचाच शब्द नियम म्हणून पाळला.

वहिनी : त्या कामाचं मोल मला माहीत आहे. मांडीची धमनी फाटलेला पेशंट दहा मिनिटं उशिरा आला तर माझ्यापुढे काय येतं ते मी बघते. व्हिएतनाममधला जखमी बऱ्याचदा तासाभरात ऑपरेशन टेबलापर्यंत पोचत होता. आज आमच्या दारात 108 ची गाडी ज्या घाईने येते, त्या घाईमागे त्या युद्धाने शिकवलेलंही काही आहे. माझा प्रश्न त्याच्या कामाबद्दल नाहीच. तुम्ही शेवटी लिहिलंय की तो जितका शूर तितकाच घरचा माणूस होता. त्या वाक्याला लेखात आधार कुठे आहे?

बाबा : आधी 2 ऑक्टोबर 1969 चं ऐक, मग आधार विचार.

इथे बाबांनी कागद बाजूला ठेवले आणि तोंडीच सांगायला लागले. लेखातल्यापेक्षा हे सांगणं कितीतरी जिवंत होतं, म्हणून ते आहे तसं देते.

बाबा : कियेन तुआँग प्रांत, कंबोडियाच्या सीमेला लागून. दक्षिण व्हिएतनामचे सैनिक शत्रूच्या एका मोठ्या तळावर चालून गेले आणि स्वतःच अडकले. दारूगोळा संपलेला, रेडिओ बंद, माणसं उंच गवतात विखुरलेली. नोव्होसेल 47 वर्षांचा, त्या दिवशी आधीच कित्येक तास उडालेला. सोबतीला गनशिप नाही, म्हणजे हा खाली उतरताना शत्रूला दाबून ठेवणारं कोणी नाही. खालच्यांशी बोलायची सोय नाही, म्हणून त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिला. हेलिकॉप्टर दिसलं की माणसं एका जागी गोळा होतील म्हणून. मारा इतका की सहा वेळा बाहेर पडावं लागलं. सहाही वेळा परत आला. सगळ्या मिळून पंधरा वेळा त्याने खालून माणसं उचलली. शेवटी एक जखमी शत्रूच्या बंकरच्या अगदी जवळ पडलेला दिसला. नोव्होसेलने हेलिकॉप्टर उलटं, शेपटीच्या बाजूने मागे मागे नेलं. मागे नेलं की शेपूट आणि इंजिनाचं धूड गोळ्या आणि माणसं यांच्या मध्ये येतं, हे मी वैमानिक म्हणून वाचतो. पण तसं नेणं म्हणजे काय ते सांगतो. मागचं काही दिसत नाही. शेपटीचा पंखा एखाद्या झुडपात गेला तरी संपलं. दारातून डोकं बाहेर काढून क्रू जे ओरडून सांगेल त्यावर हात चालवायचा. त्या जखमीला आत ओढत असतानाच जवळून फैर झाली. नोव्होसेलच्या हाताला आणि पायाला लागलं, क्षणभर ताबा सुटला, मग त्याने यंत्र सावरलं आणि बाहेर काढलं. 29 माणसं वाचली. 15 जून 1971 ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला मेडल ऑफ ऑनर दिलं. आणि एक लक्षात घे, त्या 29 मध्ये त्याच्या देशाचा कोणी नव्हता.

वहिनी : ते मला सगळ्यात मोठं वाटलं, खरंच. तेही लेखात एका ओळीत आहे. पुढे 1975 ला सायगाव पडलं. त्या 29 जणांपैकी किती जण तेव्हा जिवंत होते, कुठल्या बाजूने, कुठल्या छावणीत, हे पदकाच्या कागदात यायचं कारण नव्हतं. ते युद्ध काय होतं, कशासाठी होतं, याबद्दल तुम्ही अक्षर लिहिलेलं नाही.

बाबा : लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. युद्ध त्याने लावलं नव्हतं. गवतात पडलेल्या माणसाला आधी तुझं युद्ध योग्य आहे का ते सांग, मग दोरी टाकतो, असं विचारता येत नाही. तुझ्या विभागात दारू पिऊन गाडी ठोकणारा येतो तेव्हा तू विचारतेस?

वहिनी : नाही विचारत. पण मी त्याला बरा करून पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच गाडीत बसवत नाही. डस्टऑफने वाचवलेला हातीपायी धड असला तर पुन्हा त्याच जंगलात जात होता.

यावर बाबा बोलले नाहीत. मला स्वतःला इथे बाबांचं पटतं. जखमीला उचलणाऱ्याच्या अंगावर त्या युद्धाचा सगळा हिशेब टाकणं मला न्यायाचं वाटत नाही. पण वहिनीला युद्धाबद्दल फार बोलायचं नव्हतंच. तिला 1964 कडे यायचं होतं.

वहिनी : 1964 तुम्ही दोन वाक्यांत उरकलंय. मी सावकाश सांगते, चुकलं तर थांबवा. नोव्होसेल तेव्हा 41 वर्षांचा. लग्न झालेलं, मुलं घरात. सदर्न एअरवेजमध्ये प्रवासी विमानाचा वैमानिक. पगार चांगला, रात्री घरी यायची शक्यताही चांगली. शिवाय हवाई दलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कर्नल. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्यानेच हवाई दलाला सांगितलं की मला पुन्हा सेवेत घ्या. त्यांनी घेतलं नाही. तिथे थांबता आलं असतं. पण हा लष्कराकडे गेला, कर्नलची पट्टी उतरवली आणि वॉरंट ऑफिसर झाला, म्हणजे काल जे त्याला सॅल्यूट करत त्यांना आज त्याने करायचा. का, तर हेलिकॉप्टर उडवायला मिळावं म्हणून. हे धाडस आहे, मोठेपण आहे, पद सोडायला मन लागतं, सगळं कबूल. पण घरातल्या चार माणसांना धरून विचार केला तर हा निर्णय घराच्या बाजूचा कसा?

बाबा : तू तो माणूस अर्ध्यातून धरतेस. मागे जा. पेनसिल्व्हेनियातलं एटना नावाचं गाव, क्रोएशियाहून आलेल्या आईबापांचा मुलगा, जन्म 1922 चा. 19 व्या वर्षी सैन्यात गेला. उंची पाच फूट चार इंच, वैमानिकाच्या अटीपेक्षा पाव इंच कमी. तरी वैमानिक झाला. दुसऱ्या महायुद्धात बी-29 उडवलं. 2 सप्टेंबर 1945 ला टोकियोच्या उपसागरात 'मिसुरी' युद्धनौकेवर जपान शरणागतीवर सह्या करत होता, तेव्हा वरून जी विमानं गेली त्यातल्या एकाचा वैमानिक हा. एवढं ज्याला येतं तो 41 व्या वर्षी बघतो की युद्ध पुन्हा सुरू होतंय आणि तिथे उडवायला कोण चाललेत, तर विशीतली पोरं. 1969 च्या डिसेंबरात तर अमेरिकेने सक्तीच्या भरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली. चिठ्ठी निघेल त्याने जायचं. त्या पोरांना उचलून आणायला 47 वर्षांचा, पोराबाळांचा बाप असावा, यात तुला घर दिसत नाही?

वहिनी : दिसतं. दुसऱ्यांचं दिसतं.

बाबा : म्हणजे आपलं ते घर, बाकीच्यांचं काही नाही?

वहिनी : असं मी म्हणत नाही. 5,589 माणसं, प्रत्येकामागे आई, बायको, मुलं. मी ती सगळी मोजते, म्हणूनच मला राग येतो. हजारो घरं मोजायची आणि त्यात एक मोजायचंच नाही, कारण ते वैमानिकाचं आहे, ते सोसायलाच बसलेलं आहे. आणि तुमच्या लेखातला सगळ्यात गोड प्रसंग घ्या, बापलेकांचा.

तो प्रसंग असा. नोव्होसेलचा मुलगाही हेलिकॉप्टर वैमानिक झाला आणि व्हिएतनाममध्ये वडिलांच्याच तुकडीत, 82 व्या मेडिकल डिटॅचमेंटमध्ये आला. एका आठवड्याच्या आत दोघांचीही हेलिकॉप्टरं पाडली गेली, आणि बापाने लेकाला, लेकाने बापाला उचलून आणलं. बाबांनी यावर एक पूर्ण पान लिहिलं होतं आणि ते मनापासून लिहिलं होतं. आपल्या मुलाने आपलीच वाट धरली त्या बापाला हे पान लिहिताना काय वाटलं असेल, ते मी त्यांची मुलगी म्हणून जाणते.

वहिनी : हीच गोष्ट त्या घरातल्या बाईच्या बाजूने सांगा. नवरा आणि मुलगा एकाच युद्धात, एकाच तुकडीत, एकाच आकाशात. त्या एका आठवड्यात तिचं सगळं जाऊ शकत होतं. पुढे हाच आठवडा सगळीकडे अचंब्याने सांगितला गेला. तुम्हीही तसाच सांगितलाय. मी वाचताना एवढंच बघत होते की ती कुठे येते. ती येतच नाही.

बाबा : ती भीती मला कळत नाही असं वाटतं तुला? तुझा नवरा माझा मुलगा आहे. सियाचेनवर सोनमच्या हेलिपॅडवर मी उतरलोय. तिथे रोटर थांबवत नाहीत, कारण इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर तिथेच राहायचं. हवा इतकी विरळ की दोन-चार जेरिकॅनचं वजनही विचार करून न्यावं लागतं. आजारी जवान आत घ्यायचा तर त्याच्या वजनाइतकं इंधन कमी घेऊन वर यायचं. तेच सगळं तो आज करतोय. मला रात्री काय वाटतं ते मी लेखात लिहीत नाही, एवढंच.

वहिनी : का लिहीत नाही?

बाबांनी उत्तर दिलं नाही. दिलं ते आईने, आणि ते दोघांनाही नको होतं असं मला वाटतं. ती तोवर आत-बाहेर करत होती, आता येऊन बसली.

आई : दोघंही जरा थांबा. तू मघापासून वाट बघणाऱ्या बायकांच्या बाजूने बोलते आहेस, म्हणजे माझ्याही. माझ्या वतीने बोलू नकोस. हे सियाचेनला होते तेव्हा मी नुसती वाट बघत नव्हते. शाळेत शिकवत होते, बी.एड. करत होते, हिची आणि दादाची दुखणी काढत होते, नाशिकरोडच्या या प्लॉटचे हप्ते भरत होते. भीती होती. पण रोज उठून भीती धरून बसलं तर जगता येत नाही, घर चालत नाही. फोन वाजला की पोटात कालवायचं, आणि पुढच्या मिनिटाला दूध उतू जायचं ते बघायला जायचं. तुला ते सगळं दुःखच दिसतं. यांना त्यात अभिमान दिसतो. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बरेचसे दिवस कामाचे होते.

वहिनी : पण आई, तुम्हाला विचारलं होतं का कोणी? सियाचेनला जाऊ का, म्हणून?

आई : यांना तरी कोणी विचारलं होतं? पोस्टिंग आलं, गेले. तो अमेरिकेतला मागून घेऊन गेला, हा फरक आहे. तेवढ्यापुरतं तुझं बरोबर.

आईचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. घरी राहिलेल्या बाईबद्दल लिहायचं तर तिच्या तोंडी आपल्याला हवी ती भावना घालण्याचा मोह आम्हा सगळ्यांना झाला होता. नोव्होसेलच्या पत्नीने 1964 मध्ये, 1969 मध्ये काय म्हटलं, हे आमच्या तिघांपैकी कोणाला सांगता येत नव्हतं आणि तरी आम्ही तिच्या नावाने भांडत होतो.

वहिनी मात्र थांबली नाही. तिने 2015 चा विषय काढला. 1 ऑक्टोबर 2014 ला बरेलीला चीता कोसळून सैन्याचे तीन अधिकारी गेले. त्यानंतर सैनिकी वैमानिकांच्या पत्नींचा एक गट उभा राहिला आणि 2015 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटला. मागणी सरळ होती : चीता आणि चेतक जुनी झाली आहेत, ती सेवेतून काढा.

वहिनी : या बायका बोलल्या. त्यांच्या तोंडी कोणी शब्द घातले नव्हते. नवऱ्यांनी उडू नये असं त्या म्हणत नव्हत्या, धड यंत्र द्या म्हणत होत्या. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?

बाबा : आठवतं, आणि आजही तेच म्हणेन. यंत्राबद्दलची तक्रार युनिटमधून वर जाते, त्याची वाट ठरलेली आहे. घरच्यांनी मंत्र्यांकडे जाणं मला शिस्तीत बसणारं वाटलं नाही. आणि चीताबद्दल असं सरसकट बोललेलं मला सहन होत नाही. मूळ फ्रेंच लामा. हिमालयात चढेल असं हेलिकॉप्टर आपल्या सैन्याला हवं होतं, त्या गरजेतून ते घडलं. 1972 साली लामाने 12,442 मीटर उंची गाठली. आपल्याकडे एचएएलने ते बांधलं. सियाचेनवरचा जवान इतकी वर्षं ज्याच्या जोरावर तगला ते हे यंत्र.

वहिनी : 1972 चं कौतुक 2015 मध्ये उडणाऱ्याच्या काय उपयोगाचं? अजून ते उडतंच आहे.

बाबा : उडतंय. बदली यंत्राची वाट मीही बघतोय.

आई : मला कोणी सहीला बोलावलं असतं तर मी केली असती. यांना सांगितलं नसतं एवढंच.

बाबांना हे नवं होतं. त्यांनी आईकडे बघितलं, पण वाद वाढवला नाही. मी इथे पूर्णपणे वहिनीच्या आणि आईच्या बाजूने आहे, आणि ते बाबांना सांगितलंही. वैमानिकाच्या धैर्यावर आपण जितकं लिहितो त्याच्या निम्मंही त्याच्या खालच्या यंत्राच्या वयावर लिहीत नाही. धैर्य लिहायला सोपं आहे. त्यासाठी कोणाला जाब विचारावा लागत नाही.

मग बोलणं तळाच्या नावाकडे गेलं, कारण लेखाची सुरुवातच बाबांनी तिथून केली होती. अलाबामातला फोर्ट रकर हा तळ म्हणजे अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं माहेर; आपल्याकडे नाशिकरोडच्या गांधीनगरला जे स्थान आहे ते तिथे त्याला. हे नाव एका कॉन्फेडरेट कर्नलचं होतं. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूची नावं लष्करी तळांवरून काढायची असं ठरल्यावर 10 एप्रिल 2023 ला तळाचं नाव फोर्ट नोव्होसेल झालं. 2025 मध्ये ते पुन्हा फोर्ट रकर केलं गेलं, या वेळी पहिल्या महायुद्धातल्या त्याच आडनावाच्या एका वैमानिकासाठी.

बाबा : सव्वादोन वर्षं राहिलं नाव. नोव्होसेलने असं काय केलं होतं की काढावं? राजकारणातल्या दोन बाजूंच्या ओढाताणीत ज्याने कधी बाजू बघून माणूस उचलला नाही त्याचं नाव खाली आलं. म्हणून मी हा लेख लिहिला, खरं सांगायचं तर.

वहिनी : हे तुम्ही लेखात असं लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. यात तुम्ही दिसता.

मला तिच्या या बोलण्यातली माया ऐकू आली. बाबांनाही आली असावी, कारण त्यानंतर त्यांनी आतून एक जुनी वही आणली. तीत नोव्होसेलबद्दलच्या त्यांच्या नोंदी होत्या, त्याच्या 'डस्टऑफ' या 1999 च्या आत्मकथनाच्या, इकडून तिकडून वाचलेल्या मजकुराच्या. वहिनी पानं चाळत गेली आणि एका नोंदीवर थांबली. नोंद एवढीच होती : पहिल्या खेपेनंतर काचबिंदू निघाला, एअरलाइन बंद, लष्कराने ठेवून घेतलं.

वहिनी : हे काय आहे?

बाबा : तेच. पहिल्या खेपेहून आला तेव्हा परत प्रवासी विमानांवर जायचा त्याचा विचार होता. डोळे तपासले तर काचबिंदू. नागरी विमानसेवेत ते चालणार नव्हतं. लष्कराने मात्र उडू दिलं.

वहिनी : म्हणजे तो परत जाणार होता. सदर्न एअरवेजकडे. घरी.

बाबा : हो.

वहिनी : आणि नोकरीचं ते दार बंद झालं म्हणून लष्करात राहिला. मग दुसरी खेप, 2 ऑक्टोबर, ते 29 जण, मुलगा, तो आठवडा, सगळं यानंतरचं. बाबा, हे लेखात का नाही?

बाबा : डोळ्याचं दुखणं स्मरणलेखात कशाला? वाचणाऱ्याला वाटेल, नाइलाज म्हणून राहिला.

वहिनी : वाटू द्या! मघापासून मी हेच शोधत होते. पंचेचाळिशीच्या आसपासचा माणूस, डोळे जाण्याची भीती, येतं ते एकच काम, आणि ते काम करू देणारी जागा जगात एकच उरलेली. घरी खाणारी तोंडं आहेत. हा माझ्या ओळखीचा माणूस आहे. असे बाप आमच्याकडे रोज येतात, दुखणं लपवून कामावर जाणारे. तुम्ही शूरपणाला बाध येईल म्हणून नेमका घरचा माणूस गाळला, आणि शेवटी तो घरचा होता असं वाक्य लिहिलं.

बाबा : म्हणजे 1964 बद्दलचं तुझं म्हणणं मागे घेतेस?

वहिनी : अजिबात नाही. पहिल्यांदा तो स्वतःहून गेला. दुसऱ्यांदा जायला त्याच्याकडे दुसरं फारसं उरलं नव्हतं. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी आहेत. मला दोन्ही लेखात हव्यात. एक लिहून दुसरी झाकायची नाही.

बाबांनी त्या रात्री लेख पुन्हा लिहायला घेतला. काचबिंदू आला, पदकाच्या आधी आला. पदकानंतरची वर्षंही आली, जी आधी ओझरती होती : सैन्याच्या गोल्डन नाइट्स या पॅराशूट पथकाचा मुख्य वैमानिक म्हणून काढलेला काळ, रकरला नव्या वॉरंट ऑफिसरांना घडवण्यात घालवलेला काळ, 1985 मधली निवृत्ती. दुसऱ्या महायुद्धातला तो अमेरिकेचा शेवटचा कार्यरत वैमानिक होता. निवृत्तीनंतर तळाजवळच्याच गावात तो राहिला. 2 एप्रिल 2006 ला कर्करोगाने गेला, 83 व्या वर्षी, आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं. 29 व्हिएतनामी सैनिकांची ओळ वाढून परिच्छेद झाली. बापलेकांच्या पानात त्या घरातल्या बाईसाठी बाबांनी एक वाक्य घातलं, तिच्या मनात काय होतं याचा अंदाज न करता : तेव्हा तिचे दोघं तिथे होते.

1964 वर मात्र दोघांचं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ड्यूटीवर निघताना बाबांनी तिला तो परिच्छेद वाचून दाखवला.

बाबा : त्याला जायचं होतं म्हणून तो गेला, इतकं मी लिहिलंय. बरोबर केलं की चूक, ते मी लिहिणार नाही. ते ठरवायचा हक्क त्याच्या मुलांचा.

वहिनी : मुलगा तर त्याच्याच मागे गेला. ते उत्तर धरायचं का?

बाबा : नाही धरायचं. मुलगा मागे जातो तो बापाचं बरोबर होतं म्हणूनच जातो असं नाही. आपल्याही घरात नाही.

वहिनी : मग हेही लिहा.

बाबा : लिहितो.